इतरवाली गंगम्मा

गंगम्माला सनाचा पहिला राग आला तो चहावरून. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात पहिला कप मालकांना, दुसरा गंगम्माला आणि मग उरलेल्यांना, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी चहा देणाऱ्या बजाबाईनं दुसरा कप नव्या पोरीसमोर ठेवला. का, तर ती वाटेत बसली होती. एवढंच कारण. पण मत्सराला तेवढं कारण पुष्कळ होतं. गंगम्मानं आपला तिसऱ्या नंबरचा कप टेबलावर गार होऊ दिला, त्यावर साय धरू दिली, आणि बजाबाईनं विचारल्यावर सांगितलं की हल्ली चहा सोसत नाही.

दुसरा राग ‘मॅडम’चा. मालकांचं नाव चनबसप्पा, सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणतो. साठी उलटलेला, सरळ माणूस. त्यांनी चोवीस वर्षांच्या सनाला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणावं आणि पन्नाशी ओलांडलेल्या गंगम्माला ‘गंगम्मा, तू’? हे ‘तू’ घरातलं होतं, धाकट्या बहिणीला म्हणावं तसलं, हे गंगम्माला कालपर्यंत ठाऊक होतं. कालपर्यंत तिला त्याचा अभिमानही होता. पण शेजारी ‘तुम्ही’ येऊन बसलं की जुनं ‘तू’ एकाएकी विरलेलं दिसायला लागतं.

गंगम्मा अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. घरात कन्नड, शाळा मराठी. बारावी करून लग्न झालं आणि ती शेळगीत राहायला आली. नवरा सिद्धलिंगप्पा यंत्रमागावर कामाला. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान चाळिशीतच गेले, त्यामुळे गंगम्माला घरात बोलायला माणूस होतं पण ऐकायला नव्हतं. कारखान्यात ती आली ती फोल्डिंगला. टॉवेलांचे सुटे धागे कापायचे, घड्या घालायच्या, बारा-बाराचे गठ्ठे बांधायचे. एक दिवस ऑफिसातला कारकून आला नाही, फोन वाजतच राहिला, आणि शेवटी वैतागून गंगम्मानंच तो उचलला. पलीकडचा व्यापारी कन्नडमध्ये तणतणत होता. तिनं त्याला कन्नडमध्येच गार केलं, त्याची ऑर्डर घेतली आणि वळून पाहते तो दारात अण्णा. दुसऱ्या दिवसापासून फोनची खुर्ची तिची झाली.

त्या खुर्चीवर बसून तिनं काय केलं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा तमाशा कळायचा नाही. सोलापुरात टॉवेल विकत घ्यायला येणारा माणूस चार भाषांतून येतो. एकाच रंगाला करमाळ्याचे हिंदुराव ‘वांगी’ म्हणत, शहरातले बंदेनवाजभाई ‘बैंगनी’ म्हणत, बार्शीचा दुकानदार ‘जांभळा’ म्हणे आणि शहराच्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी आणखी काही. गंगम्मा ऐकून घ्यायची आणि लगेच लिहायची नाही. उलट विचारायची. मागच्या खेपेसारखाच ना? की त्याहून गडद? सुकल्यावरचा रंग सांगताय की ओला? हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण उलट विचारल्याशिवाय तिनं कधी रंग लिहिला नाही. व्यापाऱ्यांना त्यातच आपुलकी वाटायची. ‘गंगम्माला विचारा’ हे वाक्य त्या ऑफिसात दिवसातून इतक्यांदा ऐकू यायचं की तिला ते स्वतःच्या नावासारखंच वाटायला लागलं होतं.

सना आली ती हे सगळं बिघडवायला, असं गंगम्माचं मत. सना विजापूर वेशीतली, टेम्पोवाल्या सलमानची मुलगी. संगणकाची पदवी घेतली, पुण्यात थोडे दिवस नोकरी केली, आईचं दुखणं निघालं म्हणून परत आली. फारशी बोलत नाही. बोलते ते मुद्द्याचं. याचासुद्धा गंगम्माला राग, कारण जी बाई बोलतच नाही तिच्यावर टीका करायची तरी कशावरून?

अण्णांनी तिला आणलं ते ऑर्डरचं ॲप सुधारायला. ॲप आधीच्या वर्षी कुणाकडून तरी करून घेतलं होतं. व्यापाऱ्यानं मोबाईलवरून ऑर्डर टाकायची, आकार लिहायचा, रंग लिहायचा. रंगाचा रकाना मोकळा. मग काय, जो तो आपल्या मनाचं लिहायचा. सनानं पहिल्याच आठवड्यात त्यात काय काय जमलंय ते काढून अण्णांपुढे ठेवलं. ‘लाल’, ‘रेड’, ‘लाल डार्क’, ‘लाल मागचा’, ‘लाल’पुढे टिंब, ‘लाल’पुढे नुसतीच रिकामी जागा. माणसाला हे सगळं एक दिसतं, मशीनला हे सहा वेगळे रंग. त्यामुळे डाइंग खात्याला लाल सूत किती लागणार, याचा मेळ कधी बसायचाच नाही. मग तो बसवायचं कोण? रोज सकाळी येऊन गंगम्मा. ॲप नावाला होतं, निस्तरायचं काम तिचंच होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते तसंच हवं होतं.

सनाचा उपाय साधा. डाइंगमध्ये जे रंग खरोखर होतात तेवढ्यांचीच यादी करायची. व्यापाऱ्यानं त्यातलाच एक घ्यायचा. यादीबाहेरचा शब्द टाकला तर ॲपनं तो घ्यायचाच नाही.

“आत घेऊन मग दुरुस्त करत बसायचं नाही, मावशी,” ती म्हणाली. “दारातच थांबवायचं.”

गंगम्माच्या मनात आलं, दारात तर मी बसलेय.

सना अगदीच अडाणी नव्हती. एकदम दार लावलं तर जुने व्यापारी बिथरतील हे तिला कळत होतं. म्हणून तिनं यादीच्या तळाशी एक पर्याय ठेवला, ‘इतर’. तो निवडला की मोकळा रकाना उघडायचा आणि ती ऑर्डर गंगम्माच्या स्क्रीनवर यायची. गंगम्मानं बघून योग्य रंग लावायचा आणि पुढे ढकलायची. दिवाळीपर्यंत ‘इतर’ राहू दे, सनानं अण्णांना सांगितलं, हळूहळू कमी होईल, मग काढून टाकू. अण्णांनी मान हलवली. गंगम्मानं ऐकलं ते एवढंच की दिवाळीनंतर आपल्याला कुणी काही विचारणार नाही. ‘इतर’ गेला की ही खुर्चीही गेली, पुन्हा कात्री घेऊन धागे कापायचे. असं कुणी म्हणालं नव्हतं. पण तिनं ते ऐकलं आणि पक्कं धरून ठेवलं.

मग तिनं जे केलं ते काही शोभणारं नव्हतं. सना जेवायला मागच्या खोलीत गेली की ती एकेका व्यापाऱ्याला फोन लावायची. गोड बोलायची. त्या यादीच्या भानगडीत पडूच नका, सगळ्यात खाली ‘इतर’ आहे, तिथं तुमच्याच शब्दात लिहा, मी बसलेय ना. बंदेनवाजभाईंना पटलं. बार्शीकराला पटलं. हिंदुरावांना तर पटवावंही लागलं नाही, तेच चिडून बसले होते. त्यांनी यादीच्या खिडकीत ‘वांगी’ टाईप केलं होतं आणि तिथं लाल अक्षरात ‘अवैध मूल्य’ असं उमटलं होतं.

“गंगम्मा, ह्यो मोबाईल मला अवैध म्हनतुय,” ते फोनवर म्हणाले. “आमच्याकडं अवैध म्हंजे दारूचा गुत्ता न्हायतर वाळूचा ट्रक. मी टावेल इकतुय, बाई.”

“त्याला माणसाची पारख कुठली, हिंदुराव. तुम्ही इतर दाबा.”

“व्हय, तेच बरं की. तुमी हाय म्हनून आमचं चाललंय.”

त्या दिवशी गंगम्मा घरी जाताना गुणगुणत गेली.

‘इतर’ कमी व्हायचा तो फुगत चालला. ज्याला ‘पांढरा’ हवा तोही इतरमध्ये जाऊन ‘पांढरा’ लिहायचा. फोल्डिंगच्या बायकांनी तिचं नाव ‘इतरवाली गंगम्मा’ ठेवलं. ती वरवर डाफरायची, पण तिला ते आवडलं होतं. आणि तरी जिवाला स्वस्थता नव्हती. सना बोटांकडे न बघता टाईप करते, हे तिला खुपायचं. सनाच्या डब्यातली भाजी तिच्या आईनं आजारी असूनही केलेली असते, हे खुपायचं. गंगम्माला डबा करून देणारं कधी कुणी नव्हतं. अण्णांच्या घरून सनासाठी शेंगापोळ्या आल्या त्या दिवशी तर कहर झाला. ‘पोरीची आई आजारी आहे ना’ असं अण्णांच्या बायकोनं सांगून पाठवलं होतं, पण गंगम्माला तेवढं लांबचं ऐकू येईना. घरी जाऊन तिनं स्वतःच रागारागात शेंगा भाजल्या, कुटल्या आणि ढीगभर पोळ्या लाटल्या. सिद्धलिंगप्पानं काही न विचारता सगळ्या आनंदानं खाल्ल्या.

मग सना एकदा तिच्या टेबलाशी आली. इतर फार वाढतोय, म्हणाली, तुमच्याकडे ऑर्डरी अडकून राहतात, अण्णांच्या स्क्रीनवर त्या लाल दिसतात, मी काही मदत करू का? पोर मनापासून विचारत होती. गंगम्मानं त्यातला ‘मदत करू का’ टाकून दिला आणि ‘अडकून राहतात’ तेवढा उचलला. म्हणजे मी मंद. म्हणजे मशीन चपळ आणि मी खोळंबा. ठीक आहे. त्या दिवसापासून तिनं उलट विचारायचं बंद केलं. फोन लावण्यात वेळ जातो. शब्द दिसला की रंग लावायचा आणि पुढे ढकलायचा. संध्याकाळी अण्णांच्या स्क्रीनवर एकही लाल खूण उरायची नाही, आणि ती सनाकडे बघून पदर सारखा करत घरी निघायची.

अशाच एका दुपारी नरसय्यांची ऑर्डर आली. नरसय्या पूर्व भागातले जुने दुकानदार, घरची भाषा तेलुगू. भाचीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मुलाकडच्या सगळ्यांना आहेरात टॉवेल द्यायचे, आणि तेही हळदीच्या रंगाचे, अशी त्यांच्या बहिणीची हौस. एरवी त्यांनी यादीतला ‘हळदी’ निवडला असता, तो तिथं होताच. पण गंगम्मानं फोन करून सांगितलं होतं ना, तुमच्याच शब्दात लिहा. त्यांनी इतर उघडून आपल्या शब्दात लिहिलं. ‘पच्च’.

आता या ‘पच्च’ची गंमत अशी की तेलुगूत तो शब्द बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. कुणी पानाच्या रंगाला पच्च म्हणतं, कुणी हळदीच्या. नरसय्यांच्या घरात पच्च म्हणजे पिवळा, दुसरं काही नाहीच. गंगम्माला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पूर्व भागातून फोन आला की ती हमखास विचारायची, पच्च म्हणजे हळदीचं की पानाचं? पण त्या दुपारी विचारायला सवड कुणाला होती. आणि घाईत माणसाचं मन आपल्या घरच्या भाषेत पळतं. कन्नडमध्ये पच्चे म्हणजे हिरवा, त्यात दोन मतं नाहीत. तिनं ‘पानहिरवा’ लावला आणि ऑर्डर पुढे ढकलली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी नरसय्या स्वतः आले. खांद्यावर घडीचा हिरवागार टॉवेल. ओरडले असते तर बरं झालं असतं, गंगम्मालाही चार शब्द ऐकवता आले असते. ते खुर्चीवर बसले, टॉवेल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “गंगम्मा, हळदीला हे वाटू?”

तिनं टॉवेलाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

“फोनवर तुम्ही दर वेळी विचारायचात,” नरसय्या म्हणाले. “ह्या वेळी विचारलं नाहीत. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आता न विचारता कळतं तुम्हाला.”

अण्णांनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. हे झालं कसं, त्यांनी विचारलं. गंगम्मा शब्द जुळवत होती, तेवढ्यात सना बोलली.

“चूक सिस्टीमची आहे, अण्णा. म्हणजे माझी. ‘इतर’ मी ठेवला. मोकळा रकाना ठेवला की हे कधी ना कधी होणारच होतं. मावशींचा त्यात दोष नाही.”

शांतपणे म्हणाली, आवाज न चढवता. आणि गंगम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीही सुटकेचा श्वास सोडला असता. पण हिला काय दिसलं? या पोरीनं चहा घेतला, ‘तुम्ही’ घेतलं, शेंगापोळ्या घेतल्या, व्यापारी घ्यायला निघाली आहे, आणि आता चूकसुद्धा घेतेय. इतक्या वर्षांत गंगम्माच्या हातून झालेली ही पहिली मोठी चूक, आणि तीही हिच्या नावावर?

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “हिचा काय संबंध? पच्चचे दोन अर्थ होतात हे हिला माहीत तरी होतं का? मला माहीत होतं. माहीत असून मी विचारलं नाही.”

अण्णा गोंधळले. “दोन कुठले? पच्चे म्हणजे हिरवाच की.”

“आमच्यात पिवळा,” नरसय्या म्हणाले.

“बघा,” गंगम्मा म्हणाली. “मालकांनीही हिरवाच लावला असता.”

सना मात्र ताठ बसली होती. तिचा बेत असा होता, तिनं सांगितलं, की व्यापारी जे जे शब्द वापरतात ते सगळे गोळा करून प्रत्येकासमोर यादीतला एकेक रंग कायमचा बांधून टाकायचा. वांगीला जांभळा, पच्चला हिरवा. म्हणजे ‘इतर’ लागणारच नाही. “तसं केलं असतं तर ही चूक दर लग्नात झाली असती,” ती हळू म्हणाली. “काही शब्दांना रंग लावायचाच नाही. तिथं थांबवायचं.”

“नुसतं थांबवायचं नाही,” गंगम्मा फटकन बोलली. “अवैध-बिवैध काय लिहितेस माणसाला? त्यानं काय गुन्हा केलाय? विचारायचं. ‘पच्च म्हणजे हळदीचा की पानाचा?’ असं विचारायचं आणि दोन रंग पुढे ठेवायचे. मी तेच करायची फोनवर.”

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. उलट विचारणं ही तिची एकटीची गोष्ट होती, तीच तिनं उचलून त्या पोरीच्या ओंजळीत घातली होती. सनाची बोटं लॅपटॉपवर चालू लागलीसुद्धा.

“मग आता तो ‘इतर’ लागतो का?” अण्णांनी विचारलं.

सनाची बोटं थांबली. उत्तर तिला माहीत होतं, पण ती बोलली नाही. गंगम्माकडे बघत राहिली. ही सभ्यताही गंगम्माला सहन होईना. आपण गप्प बसलो तर दिवाळीला ही तो काढणार, आणि तोपर्यंत पुन्हा एखादा नरसय्या खांद्यावर टॉवेल टाकून यायचा. त्यांचं ते ‘न विचारता कळतं’ अजून कानात होतं.

“काढून टाका,” ती म्हणाली. “आजच. आणि मी सांगितलं म्हणून काढला, असं सगळ्यांना कळू दे.”

गोदामात हळदी रंगाचे साधे, बिनकाठाचे टॉवेल निघाले. ते दुपारच्या आत नरसय्यांच्या घरी पोचले. बहिणीला काठाचे हवे होते, तिनं तोंड वाकडं केलं म्हणे. करणारच. त्यानंतर नरसय्या ऑर्डर टाकतात ती यादीतून. गंगम्माला फोन करत नाहीत.

इतर गेला आणि फोनही खरोखरच कमी झाले. हिंदुरावांनी एकदा मुद्दाम लावला, तो सांगायला की मोबाईल आता लई गोड बोलतो, अगदी तुमच्यासारखा इचारतो. ते कौतुक करत होते. फोन ठेवल्यावर गंगम्माला प्रश्न पडला. आपल्यासारखं बोलणाऱ्या मशीनचा मत्सर करायचा तर तो कुणाजवळ बोलायचा?

फोल्डिंगला मात्र तिला कुणी पाठवलं नाही. अण्णांनी तिची खुर्ची उचलून सनाच्या शेजारी ठेवायला लावली. कुठल्या शब्दाला सरळ रंग लावायचा आणि कुठल्या शब्दाला आधी विचारायचं, हे गंगम्मानं सांगायचं, सनानं ॲपमध्ये घालायचं. यावरून त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं कुणी समजू नये. गंगम्माला एवढंच दिसतं की ही पोर सगळं शिकून घेणार आणि मग आपल्याला विचारणारं कुणी उरणार नाही. म्हणून ती शब्द जपून देते. दिवसाला दोन-चार, जास्त नाही. कधी डोकं दुखतं, कधी चष्मा सापडत नाही, कधी सिद्धलिंगप्पाला औषध न्यायचं असतं म्हणून लवकर निघायचं असतं. सनाला हे कळतं. ती घाई करत नाही.

परवा सनानं विचारलं, “मावशी, ‘मातकट’ला तपकिरी लावू का?”

गंगम्मानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, स्क्रीनकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. आज सांगायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं. सना गालावर हात ठेवून वाट बघत राहिली. तिला वाट बघायला लावण्यात गंगम्माला बरं वाटत होतं, आणि ती इतकी निवांत वाट बघते म्हणून वाईटही.

“लावू नकोस,” ती शेवटी म्हणाली. “बार्शीची माती काळी. आमच्या गावाकडची तांबडी. माळावरची तर पांढुरकी. कुणाच्या रानातली माती, ते आधी विचार.”

सनानं ते लगेच टाईप केलं, बोटांकडे न बघता.